जुन्या गाडीचा रिव्ह्यू, पंधरा-सोळा वर्षं वापरून झाल्यावर

नवीन गाडीचे रिव्ह्यू कसे असतात माहितीये ना, गाडी चार दिवस हातात, टायर कोरे, पेट्रोल कंपनीचं, आणि लिहायचं काय तर डॅशबोर्डला सॉफ्ट टच फिनिश आहे आणि स्क्रीन मोठी आहे. चूक नाही त्यात काही. पण तेच सॉफ्ट टच कोटिंग दहा-बारा वर्षांनी चिकट होतं, हाताला काळं लागतं आणि मग स्पिरिट घेऊन घासत बसावं लागतं, हे कोणी लिहीत नाही, कारण तोवर रिव्ह्यू लिहिणारा तिसऱ्या पिढीच्या मॉडेलवर पोचलेला असतो. गाडी घेणारा काय चार दिवसांसाठी घेत नाही. म्हणून हा उलट्या टोकाकडून लिहिलेला रिव्ह्यू.

गाडी अगदी साधी. पाच दारांची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, पाच गिअर, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग, पुढच्या काचा बटणावर आणि मागच्या हाताने फिरवायच्या. एबीएस आहे, पुढे दोन एअरबॅग आहेत, स्क्रीन वगैरे काही नाही. मीटर दोन लाखाच्या बराच पुढे गेलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की ही कंपनी बरी का ती हा वाद सुरू होतो आणि मला जे सांगायचंय ते त्या काळातल्या बहुतेक साध्या गाड्यांना तसंच्या तसं लागू आहे.

पहिलं इंजिन, कारण सगळे तेच विचारतात, "इंजिनाचं काम निघालं का?" नाही निघालं. आणि त्यात कौतुक करण्यासारखंही काही नाही, वेळेवर ऑईल बदललं तर साधं पेट्रोल इंजिन सहसा मरत नाही. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन म्हणून एक शाळामास्तर होते, त्यांनी १९६६ मध्ये घेतलेली व्होल्वो पी१८०० २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर नेली, म्हणजे ४८ लाख किलोमीटर. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची १९७६ ची मर्सिडीज २४०डी ४६ लाख किलोमीटर फिरून २००४ मध्ये थेट कंपनीच्या म्युझियममध्ये गेली, तिची इंजिनं मात्र मधेमधे बदललेली होती. गॉर्डन यांचा मंत्र काय, तर मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसं करा. बस.

पण या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट सारखी आहे जी कोणी बोलत नाही. दोन्ही गाड्या लांब लांब पळायच्या. गॉर्डन यांचं रोजचं शाळेला जाणं-येणंच शंभर मैलांच्या वर होतं. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती थंड असताना, सेल्फ मारल्यापासून ऑईल नीट गरम होईपर्यंत. दोन किलोमीटरवर भाजी आणायला जाऊन परत यायचं, अशा गाडीत ऑईल कधी पुरतं तापतच नाही, त्यात उतरलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जात नाही, आणि मग काही वर्षांनी ऑईलचं झाकण उघडलं की आत पिवळट पांढरा चिकट थर बसलेला दिसतो. म्हणून "कमी चाललेली आहे हो" हे ऐकून मी कधी खूश होत नाही. कमी चालली म्हणजे कशी चालली ते सांगा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये सर्व्हिसचं एक वेगळं टेबल असतं, छोट्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिक, ओझं असं असेल तर ऑईल लवकर बदला म्हणून, आणि तसं बघितलं तर शहरात गाडी चालवणारे आपण जवळजवळ सगळे त्याच टेबलात बसतो.

माझी गाडी हल्ली थोडं ऑईल खाते. घाबरायचं कारण नाही. काही कंपन्या तर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत खाल्लं तरी नॉर्मल म्हणतात, माझी त्याच्या जवळपासही नाही. फक्त डिपस्टिक काढून बघायची सवय लागते, गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून पाच मिनिटं झाल्यावर, पुसायची, परत घालायची, परत काढायची. आणि धूर कधी येतो ते बघायचं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एक निळसर झोत आला आणि मग बंद झाला तर बहुतेक व्हॉल्व्हची सील कडक झालीत, ते चालवून घेता येतं. पण चढावर पिकअप देताना मागे सतत निळा धूर दिसत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, ते मोठं काम आहे. मेकॅनिक दोन्हीला "इंजिन करायला आलंय" म्हणतो, म्हणून हा फरक आपल्याला माहीत असलेला बरा.

टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या रबरी पट्ट्याबद्दल एकच सांगतो, त्यात कंजूषी नको. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि पाच सेकंदांत इंजिनाचं भंगार होतं, आधी आवाज नाही, लाईट नाही, काही नाही. आणि तो नुसता किलोमीटरवर नसतो, वर्षांवरही असतो, हे लोक विसरतात. गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली म्हणून रबराचं वय थांबत नाही. बेल्ट बदलताना वॉटर पंप आणि टेन्शनर पण बदलून घ्यायचा कारण त्यासाठी खोलावं लागतं तेवढंच परत खोलावं लागतं, मजुरी दोनदा कशाला. बेल्टऐवजी लोखंडी चेन असलेल्या गाडीवाल्यांनी जास्त हसू नये, चेन पण ताणली जाते, विशेषतः ऑईल बदलायला उशीर केला तर.

आता मुद्द्याचं बोलतो. जुनी गाडी म्हातारी होते ती रबरामुळे. लोखंड टिकतं, ॲल्युमिनियम टिकतं, रबर दहाव्या वर्षी कडक व्हायला लागतं आणि ते इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. गाडी खडखडते, स्टेअरिंग जरा इकडे तिकडे ओढतं, ब्रेक मारला की पुढचा भाग दबकतो, उभी असताना आयडलिंगला सीट थरथरते, आणि आपण म्हणतो काय करणार, जुनी झाली. जुनी नाही झाली. लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या टोकाचं रबर) गेलेत, लिंक रॉड (सस्पेन्शनच्या छोट्या जोडदांड्या) ढिल्या झाल्यात, आणि इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरावर बसतं ते, बसलंय. हे तिन्ही इंजिनाच्या कामाच्या मानाने किरकोळ खर्चात होतं.

माझ्या गाडीचे लोअर आर्मचे बुश बदलले तेव्हा जुना बुश हातात घेऊन बघितला होता, बाहेरून ठीकठाक दिसत होता, अंगठ्याने जरा दाबला तर मधली लोखंडी नळी एका बाजूला सरकली आणि रबरात आरपार चीर उघडली. म्हणजे ब्रेक मारला की चाक त्या चिरेएवढं मागे जात होतं. बदलून, अलाइनमेंट करून बाहेर काढली तर पहिल्या वळणावरच कळलं, स्टेअरिंग फिरवलं तेवढीच गाडी वळली, त्याच्या आधी जो एक क्षण वाट बघायचा असायचा तो नाहीच. घरच्यांना वाटलं टायर बदलले. दहा वर्षं झालेली गाडी विकायचा विचार करताय ना, आधी खालचं सगळं रबर बदला, शॉकअप बघून घ्या, महिनाभर चालवा आणि मग काय ते ठरवा. माझा अंदाज आहे की निम्म्या लोकांचा विचार बदलेल. इथे एक चालूगिरी असते, काही गॅरेजवाले नुसता बुश प्रेस करून मिळत असला तरी पूर्ण आर्म गळ्यात मारतात. काही गाड्यांत खरंच पूर्ण आर्मच मिळतो, बॉल जॉइंटसकट. पण विचारून घ्यावं.

त्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचं, रबरी बूट. चाकामागे डोकावलं की दिसतं, घड्या घड्या असलेलं काळं रबर. ते फाटलं की आतलं ग्रीस गोल फिरत चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे उडतं आणि त्या जागी धूळ-पाणी आत जातं. त्या वेळी बूट आणि ग्रीस बदललं तर विषय संपला. दुर्लक्ष केलं तर काही महिन्यांनी पूर्ण स्टेअरिंग वळवून गाडी काढताना टक-टक-टक आवाज येतो, तेव्हा जॉइंटच गेलेला असतो आणि खर्च कितीतरी पट. टायर बदलायला किंवा पंक्चरला चाक काढलंच आहे तर मान वाकवून बघायला अर्धा मिनिट लागतो.

टायरचं पण तेच. नक्षी आहे म्हणजे टायर चांगला असं नसतं. टायरच्या साइडवॉलवर DOT ही अक्षरं असतात, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. सहाएक वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्यावा आणि दहाच्या पुढे कसाही दिसत असला तरी नको, मोठ्या टायर कंपन्याही साधारण हेच सांगतात. आता आपापल्या डिकीतली स्टेपनी काढून तिच्यावरचा आकडा वाचा. बहुतेकांची गाडीच्याच वयाची निघेल.

इलेक्ट्रिकल बद्दल माझं मत बरं आहे, म्हणजे गाडीबद्दल बरं आहे, दुरुस्ती करणाऱ्यांबद्दल नाही. जुन्या गाडीत हेडलाइट मंद, सेल्फ कधी लागतो कधी नाही, इंडिकेटर दिला की भलताच लाइट लुकलुकतो, या सगळ्याचं कारण शंभरातल्या बऱ्याच वेळा एकच असतं, अर्थिंग. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे गंज आणि हिरवट थर जमतो. पाना घ्या, बोल्ट सोडा, सॅण्डपेपरने चकचकीत करा, कसा. माझ्या गाडीत अल्टरनेटर गेलाय असं छातीठोक सांगितलं गेलं होतं. साधा मल्टिमीटर लावला, गाडी चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर दाखवतोय, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, वायर साफ केली आणि प्रॉब्लेम गेला. बंद गाडीत रात्रभर उभी राहिल्यावर साधारण १२.६ आणि चालू गाडीत १३.८ ते १४.४ हे दोन आकडे लक्षात ठेवले तर अर्धे इलेक्ट्रिशियन तुम्हाला फसवू शकत नाहीत.

दुसरं हत्यार म्हणजे ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ते लावायचा सॉकेट सक्तीचा आहे, आणि त्यानंतरच्या जगभरातल्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली तो सापडतो. छोटा ब्लूटूथवाला डोंगल येतो, फोनवर कोड दिसतो. फक्त कोड म्हणजे निदान नाही हे समजून घ्या. पी०४२० आला की लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बदला म्हणणारे भेटतात, तो गाडीतल्या महागड्या पार्टपैकी एक, आणि कधी कधी प्रॉब्लेम असतो मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा किंवा सायलेन्सरच्या पाइपला पडलेल्या भोकाचा. पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, हा तर जुन्या गाड्यांचा हमखास कोड, आणि त्यामागे बऱ्याचदा निघतो इनटेकचा एक चिरलेला रबरी पाइप. परत रबरच.

आता ज्या गोष्टी चार दिवसांच्या रिव्ह्यूत कधीच येत नाहीत त्या. माझ्या गाडीचा हेडलाइटचा बल्ब बॉनेट उघडून, मागची रबरी टोपी काढून, तारेची क्लिप दाबून, हाताने दोन मिनिटांत बदलता येतो, अंधारात, रस्त्याच्या कडेला, फोनचा टॉर्च दातात धरून. साधा एच४, कुठेही मिळतो. आजच्या कितीतरी गाड्यांना त्यासाठी चाकामागचं लायनर किंवा चक्क पुढचा बम्पर सोडवावा लागतो आणि एलईडी असेल तर अख्खं युनिट. ऑईल फिल्टर वरून हाताला लागतो. पुढचे खांब बारीक आहेत त्यामुळे वळताना माणूस लपत नाही. मागची काच मोठी आहे, कॅमेऱ्याशिवाय गाडी मागे घेता येते. एसी, पंखा, आवाज, सगळे गोल खटके, रस्त्यावरची नजर न काढता हाताला सापडतात. गंमत बघा, गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने आता २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हझार्ड अशा गोष्टींसाठी खरी बटणं असण्याला मार्क ठेवलेत. म्हणजे माझी गाडी त्या एका रकान्यात तरी नव्या गाड्यांच्या पुढे निघाली.

वाईट पण सांगतो. हेडलाइटच्या काचा. काचा म्हणतो पण असतं ते पॉलिकार्बोनेट, उन्हाने पिवळं-धुरकट होतं, आणि मग चांगला बल्ब टाकूनसुद्धा रात्री मेणबत्तीएवढा उजेड. टूथपेस्टचे व्हिडिओ बघून हात दुखवून घेऊ नका. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर आधी आठशे, मग हजार, मग दोन हजार, आजूबाजूच्या पेंटला जाड टेप लावून, प्रत्येक वेळी आधीचे ओरखडे जाईपर्यंत, मग पॉलिश. आठशेनंतर काच पूर्ण पांढरी दिसते आणि आपण आता मेलो असं वाटतं, ते नॉर्मल आहे. आणि शेवटी यूव्ही कोटिंग मारायचंच मारायचं, कारण कंपनीचं मूळ कोटिंग तुम्ही घासून काढलेलं असतं, ते परत नाही लावलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं.

एसी ठीक. दर वर्षी "गॅस भरून घ्या" म्हणणाऱ्याला विचारा की आधीचा गेला कुठे, बंद सिस्टीम आहे, गॅस संपत नसतो, गळतो. आधी लीक शोधा. थंडीतसुद्धा आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा, त्याचं ऑईल फिरत राहिलं की कॉम्प्रेसरची सील वाळत नाहीत.

पार्टचं गणित विचित्र आहे. लोकांना भीती इंजिनाच्या पार्टची असते, ते मिळतात, कारण तेच इंजिन कंपनीने पाच मॉडेलमध्ये टाकलेलं असतं. बंद होतात त्या फालतू गोष्टी. दाराचं आतलं हॅण्डल, काचेची पट्टी, बम्परची क्लिप, डिकीच्या ट्रेची दोरी, मागच्या काचेचा फिरवायचा दांडा. माझ्या डाव्या मागच्या दाराची काच वर करणारं मशीन खराब झालं तर नवीन कुठेच नाही, शेवटी भंगारातल्या तसल्याच गाडीचं काढून आणलं, आणि तिथेच उभं राहून उजव्या बाजूचं पण काढून घेतलं, पुढे लागणारच आहे म्हणून. मॉडेल बंद झाल्याची बातमी आली की अशा प्लॅस्टिकच्या गोष्टी हळूहळू घेऊन ठेवाव्यात, एका खोक्यात मावतात. डब्यावर गाडीच्या कंपनीचं नाव असलेला आणि नसलेला पार्ट कधी कधी एकाच कारखान्यातून येतो, फरक फक्त डब्याचा, पण हे ब्रेक पॅडच्या नकली मालाला लागू नाही, तिथे ओळखीच्या दुकानाशिवाय घेऊ नका.

आता जिथे या गाडीचे मी सरळ मार्क कापतो ते. सेफ्टी. जुन्या गाडीचे प्रेमी इथे येऊन "पूर्वीचा पत्रा जाड होता" म्हणतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर आपटून दाखवली होती, व्हिडिओ आहे, जरूर बघा. त्या जाड पत्र्याच्या गाडीत ड्रायव्हरची जागाच उरली नाही, नव्या गाडीतल्या डमीच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या, पायाला लागण्याइतपत मार बसला. बरं ती फार जुनी म्हणाल, तर युरो एनकॅपने २०१७ मध्ये १९९७ ची रोव्हर १०० आणि नवी होंडा जॅझ एकाच टेस्टमधून काढल्या, फक्त वीस वर्षांचं अंतर, आणि रोव्हरचा दरवाजा आणि खांब बघवत नाही. माझी गाडी या दोन्हीच्या मधली. ईएससी नाही, म्हणजे ओल्या वळणावर गाडी घसरायला लागली तर सावरणारं काही नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं आहे, ते काही उगाच नाही. बाजूच्या एअरबॅग नाहीत.

यावर उपाय नाही, फक्त जे हातात आहे ते करायचं. टायर कायम चांगले. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पाणी शिरलं की ती हमी १५५ वर येते, आणि लांब घाट उतरताना ब्रेक तापून आत वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं. मागच्या सीटवरही बेल्ट. आणि सगळे मिळून रात्रीचा लांबचा प्रवास असेल तर आम्ही घरातली दुसरी, नवी गाडी काढतो. यात जुन्या गाडीचा अपमान वगैरे काही नाही. ज्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि लहान मुलं घेऊन रोज हायवे आहे त्यांना मी ही गाडी ठेवा असं सांगणार नाही, कितीही आवडत असली तरी.

पैशाचं लोक चुकीचं मोजतात. "गाडीची किंमत काय आणि रिपेअरचं बिल काय!" असं म्हणतात. अहो, गाडीच्या विक्री किमतीशी बिलाची तुलना का करता, ती गाडी विकून तेवढ्या पैशात तेवढीच चांगली दुसरी मिळणार आहे का ते बघा. नव्या गाडीची पहिल्या दोन-तीन वर्षांत जी किंमत उतरते त्यात माझ्या गाडीचं पाच वर्षांचं सगळं काम होतं आणि वर उरतं. फक्त खर्च सारखा येत नाही, आठ महिने शांत आणि मग एका महिन्यात क्लचप्लेट आणि रेडिएटर एकदम, त्यामुळे ईएमआय नाहीये म्हणून ते पैसे उडवणाऱ्याला जुनी गाडी झेपत नाही. दर महिन्याला थोडे बाजूला टाकायचे.

पर्यावरणाचं म्हणाल तर मी उगाच फुशारकी मारत नाही. नवी गाडी बनवताना काही टन कार्बन जातो हे खरं, पण पेट्रोल गाडीच्या आयुष्यातलं जास्तीत जास्त प्रदूषण होतं ते पेट्रोल जाळूनच. माझं रनिंग आता कमी आहे म्हणून ठेवणं पटतं. रोज ऐंशी किलोमीटर असतं तर इलेक्ट्रिक बघितली असती.

मेकॅनिक हा या रिव्ह्यूचा वेगळा भाग व्हायला हवा पण थोडक्यात लिहितो. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये एका वयानंतर जुन्या गाडीला कोणी हात लावायला उत्सुक नसतं, संगणकावर पार्ट दिसत नाही म्हणजे तो जगात नाही असं त्यांचं असतं. माझी गाडी गेली कित्येक वर्षं एकाच मुलाकडे जाते, म्हणजे आता तोही मुलगा राहिला नाही. तो मागे एकदा म्हणाला, "काका, द्या आता ही कोणाला तरी." म्हटलं, "का रे, काही मोठं निघालंय का?" "नाही हो, चांगली आहे म्हणूनच म्हणतोय, आत्ता किंमत येईल." मी म्हटलं, "चांगली आहे तर देऊ कशाला?" तर हसला आणि परत गाडीखाली गेला. त्याची एक गोष्ट मला आवडते, काढलेला जुना पार्ट न विचारता डिकीत ठेवतो. ज्या गॅरेजमध्ये जुना पार्ट मागितल्यावर इकडे तिकडे बघतात तिथे परत जाऊ नका.

मी सोडणार कधी, तर इंजिनावरून नाही, गंजावरून. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण दारांखालचे सिल (बॉडीचे लांब पत्रे), पुढचे शॉकअप जिथे वर कसलेले असतात ते टॉवर, आणि खालची सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट), हे सडलं की गाडी संपली, वरून पेंट कितीही चमकू दे. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची छोटी भोकं असतात, ती चिखलाने बुजतात आणि पाणी आत साचून दार आतून सडतं. वर्षातून एकदा एक पातळ काडी घेऊन ती मोकळी करायची, फुकटातलं काम आहे. जॅक लावायच्या जागेवर जॅक लावल्यावर पत्रा दबला किंवा कर्र वाजला तर ती गाडी माझी असो की दुसऱ्याची, मी तिच्यात घरच्यांना बसवणार नाही.

माझ्याकडून या गाडीला पाचपैकी साडेतीन. अर्धा हेडलाइटच्या प्लॅस्टिकसाठी कापला आणि एक सेफ्टीसाठी. चालवायला मजा, दुरुस्तीला सोपी, ॲव्हरेज अजून नवी होती त्याच्या जवळपास.

आणि कोणी असली जुनी गाडी सेकंडहॅण्ड घ्यायला निघालं असेल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा, गरम लागली तर का तापवून ठेवली ते विचारा. मग थंड इंजिनाचं ऑईलचं झाकण उघडून आत बघा, सेल्फ दुसऱ्याला मारायला लावून तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा, मॅटखाली हात घालून ओल लागते का बघा, पाचही टायरचे आकडे वाचा, मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग वळवून हळू फिरवा आणि कान द्या. मीटर सत्तर हजार दाखवत असेल आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होऊन खालचं लोखंड दिसत असेल, तर रबरावर विश्वास ठेवा, मीटरवर नको.